बेटावर उतरायचं ठरलं होतं

माझं लग्न होऊन मी देऊळगाव राजाला आले आणि वर्षभराने धाकटी बहीण सोनाळ्याला गेली. म्हणजे एक जिल्ह्याच्या खालच्या टोकाला आणि दुसरी पार वरच्या, सातपुड्याच्या पायथ्याशी. माहेर जानेफळ मधोमध होतं. आई-वडील असेपर्यंत आम्ही दिवाळीला तिथे भेटायचो. ते गेल्यावर भेटी लग्नांपुरत्या आणि तेराव्यापुरत्या उरल्या. चिखली, खामगाव, शेगाव करत सोनाळ्याला पोचायचं तर आख्खा दिवस एसटीत जातो. मला शाळा होती, तिला संत्र्याची बाग आणि गुरं. कोणी कोणाकडे राहायला जायचं म्हटलं की काहीतरी आडवं यायचं.

मी निवृत्त झाले तेव्हा माझे यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी मुंबईला नोकरी करते. तिने परस्पर ठरवलं की आई आणि मावशीला जहाजाने लक्षद्वीपला पाठवायचं. मुंबईहून निघायचं, एका बेटापाशी थांबायचं, दिवस तिथे घालवायचा आणि परत यायचं. मला आधी ते पटलं नाही. काशी, रामेश्वर म्हणाली असती तर समजू शकले असते. पण ती म्हणाली, "आई, तुम्ही दोघी कितीक दिवसांत एका खोलीत झोपल्या नाहीत, सांग बरं." मला आठवेना. मग मी हो म्हणाले.

जहाजाच्या दोन तारखा होत्या. एक डिसेंबरातली, दुसरी मे महिन्यातली, त्या मोसमातली शेवटची. डिसेंबरात बहिणीकडे संत्र्याची तोड असते. व्यापारी दारात, मजूर बागेत, आणि पुढे लगेच पुतणीचं लग्न होतं. म्हणून आम्ही दोघींनी मिळून मे धरला. त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही.

मुलीने समजावून सांगितलं की एवढं मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. ते लांब खोल पाण्यात उभं राहतं आणि लहान बोटींतून लोकांना बेटावर नेतात. बेटावर काय काय करायचं ते आधीच निवडून कळवावं लागतं. तिने ती माहिती मोबाइलवर पाठवली आणि मी ती बहिणीला फोनवर वाचून दाखवायला बसले.

"हे पाह्य, काचीच्या बुडाची बोट हाये. बसल्या जागी खालचे मासे दिसतात."

"बसून?"

"हाव, बसून. दुसरं, गाडीत बसवून बेट दाखवतात. गाव, नारळाच्या बागा."

"बाग तं मी रोजच पाहून राह्यली. आखीन काय हाये?"

"तिसरं म्हंजे तोंडाले नळी लावाची, डोयाले चष्मा लावाचा, अन् पाण्यावर पालथं पडून खालचं पाहाचं. ते आपल्या कामाचं नाई."

 

"काऊन नाई?" ती म्हणाली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्या जानेफळच्या मळ्यात पायऱ्यांची विहीर होती. वडिलांनी आम्हा दोघींना पोहायला शिकवायचं मनावर घेतलं होतं. पाठीला वाळका भोपळा बांधायचे आणि पाण्यात सोडायचे. मी किंचाळून मळा डोक्यावर घ्यायची, म्हणून माझा नाद त्यांनी सोडला. बहिणीला मात्र भोपळ्याची गरज चार दिवसांतच संपली. ती काठावरून मुटका मारायची, तळाची माती मुठीत धरून वर यायची, आणि उताणी पडून आभाळ बघत राहायची. मी पायरीवर तिचे कपडे घेऊन बसलेली असे. दहावी झाली आणि तिचं लग्न लागलं. सोनाळ्याला सासरच्या शेतातही विहीर होती, पण सुनेने विहिरीत उतरायची तिथे रीत नव्हती. मी पुढे डी.एड. केलं, नोकरी केली, आणि तिच्या पोहण्याचं मी तरी साफ विसरून गेले होते. ती विसरली नव्हती.

त्यानंतर आमचे फोन रोज व्हायला लागले. आधी आम्ही बोलायचो ते कोण आजारी आहे आणि कोणाच्या घरी काय वाटण्या झाल्या. आता ती विचारायची, तिथे पाणी किती खोल आहे, खाली दगड आहे की रेती, किती वेळ पाण्यात राहू देतात. मी मुलीला विचारायची, मुलगी कंपनीला विचारायची, आणि उत्तर उलट्या वाटेने सोनाळ्याला पोचायचं. ते स्नॉर्कलिंग तिच्या तोंडी बसेना. ती त्याला 'नळीवालं' म्हणायची. मग मीही तेच म्हणू लागले, आणि शेवटी मुंबईची मुलगीसुद्धा.

एकदा मी तिला सांगितलं, "जाकीट घालावंच लागते म्हंतात. त्याबिगर पाण्यात सोडत नाईत."

"कायचं जाकीट?"

"तरंगाचं. बुडू नये म्हून."

"मले भोपळा बांधून राह्यले का ते?"

ती खरंच रुसली. दोन दिवस विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच फोन केला आणि म्हणाली, घालीन जाकीट, पण ते काढता येतं का ते विचारून ठेव.

दिवसाचा बेतही आम्ही पक्का केला. पहिल्या बोटीने उतरायचं. ऊन चढायच्या आत तिचं नळीवालं. त्याच वेळी मी काचेच्या बोटीत बसायचं. "तू काचीतून पाहाजो," ती म्हणायची, "मी खालून जाईन." मग नारळपाणी, मग किनाऱ्याने चालत जिथवर जाववेल तिथवर, आणि शेवटच्या बोटीने परत. तिथे लोक कोणती भाषा बोलतात, त्यांच्या घरी चूल असते की गॅस, हेही तिला बघायचं होतं. त्यासाठी एखाद्या घरात डोकावता येईल का, हे काही कंपनीला विचारलं नाही.

मार्चमध्ये मी आठवडाभर सोनाळ्याला राहून आले. मुलीने दोघींसाठी पोहायचे पोशाख पाठवले होते, पूर्ण बाह्यांचे आणि घोट्यापर्यंत येणारे. माझ्या पोशाखाची मी घडीच मोडली नाही. बहिणीने खोलीचं दार लावून तिचा घातला, आरशात पाहिलं, आणि पलंगावर बसून पोट धरून हसत राहिली. वयाची पंचावन्न ओलांडलेली, दोन नातवंडं असलेली बाई, काळ्या-निळ्या पोशाखात. मग हसू आवरल्यावर म्हणाली, "उद्या सकाळी पाहू, येते का अजून."

तिचे यजमान, आमचे जावईबापू, मितभाषी माणूस. त्यांना हे सगळं कितपत पटलं होतं कोणास ठाऊक. सकाळी मजूर यायच्या आधी आम्ही तिघं शेतात गेलो. विहिरीला अजून बऱ्यापैकी पाणी होतं. बहिणीने अंगावरची साडी काढून माझ्याकडे दिली. जावईबापूंनी जाड दोराचं एक टोक तिच्या कमरेला बांधलं आणि दुसरं आंब्याच्या खोडाला वळसा देऊन हातात धरलं.

"ताई, कोणी पाह्यलं तं काय म्हनतीन लोकं," ते मला म्हणाले. पण दोर त्यांनी सोडला नाही.

ती पायऱ्या उतरली, गुडघाभर पाण्यात थांबली, आणि मग एकदम पुढे गेली. पहिल्यांदा तिला दम लागला. ती भिंतीच्या दगडाला धरून थांबली, खोकली. मला वाटलं आता वर येईल. ती पुन्हा निघाली. तिसऱ्या फेरीला तिचे हातपाय जुळले. मग ती पाठीवर वळली आणि स्थिर झाली. जावईबापू वाकून बघत होते. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला असं कधीच पाहिलं नव्हतं. "हिले येते पोहणं," ते हळूच म्हणाले, जणू मला सांगत होते.

मी होते तोवर आम्ही रोज सकाळी गेलो. मी परतल्यावरही पाणी खाली जाईपर्यंत ते दोघं जात राहिले, असं तिने फोनवर सांगितलं. दोर बांधणं त्यांनी मधेच कधीतरी बंद केलं.

मे उजाडला. शेगावहून गाडीने आम्ही मुंबईला गेलो आणि मुलीने आम्हाला जहाजावर चढवून दिलं. जहाज म्हणजे तरंगता बाजारच होता. लिफ्ट, गालिचे, वाट चुकायला होईल असे लांब बोळ. आमची खोली लहान होती, दोन पलंग शेजारी शेजारी. पहिल्या संध्याकाळी किनारा दिसेनासा झाला तेव्हा बहीण कठड्याशी उभी राहिली आणि बराच वेळ बघून म्हणाली, "याले काठच नाई." विहिरीत शिकलेल्या माणसाला काठ लागतो. ती जराशी घाबरलीही असावी. पण खोलीत आल्यावर तिने पिशवी उघडून पोशाख, टॉवेल, चप्पल असं सगळं दुसऱ्या पलंगाच्या पायथ्याशी मांडून ठेवलं, अजून मधे दिवस होता तरी.

त्या दोन रात्री आम्ही खूप बोललो. आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोललो, जे आधी कधी बोललो नव्हतो. तिने मला सांगितलं की मी नोकरीला लागले तेव्हा तिला माझा राग आला होता, पुष्कळ दिवस. "आता नाई," ती म्हणाली.  

बेटाच्या सकाळी ती माझ्या आधी उठून तयार होती. पोशाखावरून तिने पंजाबी ड्रेस घातला होता. पोट हलकं राहावं म्हणून फक्त अर्धा कप चहा घेतला. आम्ही वर गेलो तेव्हा बेट समोर दिसत होतं, एक हिरवी पट्टी, तिच्याखाली पांढरी रेघ. बेटाजवळचं पाणी वेगळ्याच रंगाचं होतं, कोवळ्या मुगाच्या शेंगेसारखं, आणि अलीकडचं, आमच्याभोवतीचं, काळपट. वारा मोठा होता. ओढणी धरून ठेवावी लागत होती.

खाली दोन लहान बोटी जहाजाला लागायचा प्रयत्न करत होत्या. एक जवळ आली, लाटेबरोबर जहाजाच्या दाराच्या उंबरठ्याच्या वर उचलली गेली आणि पुन्हा खोल गेली. मधे एकदा ती जहाजाच्या अंगावर आपटली. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. दारापाशी रांगेत उभ्या असलेल्या लोकांना मागे घेतलं. तासभर वाट पाहायला लावली. मग कर्ण्यावरून आधी इंग्रजीत आणि नंतर हिंदीत सांगितलं की समुद्र खवळला आहे, प्रवाशांच्या सुरक्षेसाठी आज कोणालाही बेटावर उतरवता येणार नाही.

बहिणीला हिंदी कळत होतं, तरी तिने मला विचारलं, "केव्हा उतरवतीन मंग?"

"नाई उतरवत म्हंतात. जहाज परत निघते आता."

"दुपारपावतर वारा पडन की."

"थांबत नाई म्हंतात ते."

लोक काउंटरवर जाऊन भांडत होते. सुट्ट्या वाया गेल्या, पोरांना काय सांगायचं, असं चाललं होतं. एक कर्मचारी हात जोडून सगळ्यांना सांगत होता की मे महिन्यात असं होतं, डिसेंबर-जानेवारीत हेच पाणी ताटासारखं असतं. बहीण माझ्या शेजारीच उभी होती. तिने ते ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं नाही. संत्र्याची तोड आणि लग्न, दोन्ही तिच्याच घरचं होतं. मी कधी तो विषय काढला नाही, पण तिच्या मनात तो तेव्हापासून घर करून बसला, हे मला पुढे जाणवत राहिलं. तारीख दोघींनी ठरवली होती, हे मी तिला तेव्हाच मोठ्याने म्हणायला हवं होतं का, असं आता वाटतं. त्या वेळी सुचलं नाही.

जहाज वळलं. ती कठडा धरून उभी राहिली.

"एवढं तं मी पोहून गेली असती," ती म्हणाली.

एरवी अशा बोलण्यावर आम्ही दोघी हसलो असतो.

बेट दिसेनासं झाल्यावरही ती खाली यायला तयार नव्हती. संध्याकाळी खोलीत पोशाख काढताना पाठीची चेन अडकली आणि तिने मला बोलावलं. दिवसभर तो तिने आतून तसाच ठेवला होता. घामाने अंगाला चिकटला होता, पाठीवर शिवणीचे वळ उठले होते. मी चेन सोडवली. ती म्हणाली, "जपून ठेवतो. पुढच्या साली येऊ. थंडीतच येऊ."

दुसऱ्या दिवशी मी तिला जहाजावरच्या पोहण्याच्या टाकीवर नेलं. कमरेएवढं पाणी, त्यात फुग्यांची कडी घातलेली लहान पोरं. ती काठावर पाय सोडून बसली, थोडा वेळ पोरांकडे बघत राहिली आणि उठली. "हा तं हौद हाये," एवढंच म्हणाली.

परतल्यावर आम्ही पुढच्या थंडीचा बेत लगेच करायला घेतला. तोडीसाठी माणूस बघून ठेवायचा, जानेवारीची तारीख धरायची. तिने जावईबापूंकडून कबुलीही घेतली. पण पोळ्याच्या सुमारास ते बागेतून घरी आले, हातपाय धुवायला बसले आणि उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली. अकोल्याला दवाखान्यात पुष्कळ दिवस काढले. जीव वाचला. बोलणं अडखळत परत आलं, चालणं आलं नाही. तेव्हापासून त्यांना उठवणं, बसवणं, कूस बदलणं, भरवणं, हे सगळं तीच करते. मुलगा-सून चांगले आहेत, पण जावईबापूंना तिच्याच हातचं लागतं. ती जरा दिसेनाशी झाली की ते अस्वस्थ होतात.

पुढच्या जानेवारीत माझी मुलगी आणि तिचा नवरा त्यांच्या लेकीला घेऊन त्याच सफरीला निघाले आणि मलाही चल म्हणाले. मी नको म्हणत होते. बहिणीला फोनवर सहज सांगितलं तर ती म्हणाली, "तू जा, बाई. दोघीइतून एकीनं तरी पाहावं." तिचा आवाज सरळ होता. मी गेले.

या वेळी समुद्राला हालचालच नव्हती. बोटीत चढताना माझ्या दुखऱ्या गुडघ्यांमुळे दोघांनी मला हाताला धरलं. बेटावर उतरले, पांढऱ्या रेतीवर खुर्ची टाकून बसले, नारळपाणी प्यायले. मग काचेच्या बोटीत बसले. खाली खरोखरच सगळं दिसत होतं. पिवळे पट्टे असलेले मासे थव्याने जात होते, एक कासव आलं, दगडांवर जांभळी झाडं उगवलेली. बरोबरची माणसं मोबाइलने चित्रं काढत होती. थोड्या अंतरावर नळी लावलेली माणसं पाण्यावर पालथी पडली होती, नारिंगी जाकिटं घालून. त्यात माझ्या वयाच्या दोन बायका होत्या. मी त्यांच्याकडे पाहणं टाळलं. नात विचारत होती, आजी, तुला मासे आवडले नाहीत का. मी आवडले म्हणाले.

उन्हाळ्यात मी सोनाळ्याला गेले. काय आणि कसं सांगायचं याची मी एसटीत जुळवाजुळव करत होते. कमी सांगावं असंही वाटत होतं. बहीण दारात आली तेव्हा खूप वाळलेली दिसली. जावईबापू पुढच्या खोलीत पलंगावर होते. त्यांनी डावा हात उचलून मला नमस्कार केला. चहा झाला. तिने त्यांचं तोंड पुसलं, उशी सरकवली, त्यांना कुशीवर केलं. मग पलंगाच्या काठावर टेकून म्हणाली, "हं, सांग आता."

मी सांगितलं. जहाज, बोट, रेती, कासव, मासे. मोबाइलवरची चित्रं दाखवली. ती एकेक नीट बघत होती, बोटाने मोठी करून बघत होती. जावईबापूंनाही तिने ती दाखवली. सगळं पाहून झाल्यावर तिने एकच विचारलं.

"पाणी कोमट व्हतं का थंड?"

मला सांगता येईना. मी बोटीत बसले होते, खुर्चीवर बसले होते, आणि गुडघ्याच्या भीतीने पायातले बूटही काढले नव्हते. त्या पाण्याला माझा हात लागला नव्हता.

"थंडच असन," मी म्हणाले.

"हाव," ती म्हणाली. "जानेवारी व्हता ना."

तेवढ्यात जावईबापूंनी काहीतरी मागितलं आणि ती उठली. मी तिथे तीन दिवस राहिले. भाजी निवडली, त्यांना भरवायला तिला मदत केली, एका दुपारी तिला जबरदस्तीने झोपवून मी त्यांच्यापाशी बसले. समुद्राचं बोलणं पुन्हा निघालं नाही. निघताना तिने संत्र्याची पिशवी माझ्या हातात दिली, बागेतली शेवटची फळं, जरा सुकलेली. एसटी येईपर्यंत फाट्यावर थांबायला तिला वेळ नव्हता. सुनेने मला सोडलं.

आता आम्ही आठवड्यातून एकदा बोलतो. ती त्यांच्या तब्येतीचं सांगते, मी माझ्या गुडघ्याचं. कधी कधी बोलणं लवकर संपतं, तरी आम्ही फोन ठेवत नाही. मग पलंगावरून तिला हाक येते, आणि ती म्हणते, ठेवतो आता.